हावड्याहून निघणारी उजेडाची वाट

मुंबईहून निघालेला प्रवासी दीड दिवसाच्या प्रवासाने आंबलेले अंग सावरत हावड्याच्या फलाटावर उतरतो, तेव्हा पहिल्यांदा जाणवतो तो गोंगाट. मग हळूहळू जाणवू लागतो तिथला उजेड. उंच छपराखाली सारा फलाट सावलीत बुडालेला असतो आणि कुठल्याशा फटीतून उन्हाचा एक तिरपा पट्टा आत उतरलेला असतो. त्या पट्ट्यात एखाद्या हमालाचा खांदा उजळतो, चहावाल्याच्या किटलीची कड चमकते, सामानावर बसलेल्या एखाद्या आजीबाईंचा अर्धा चेहरा दिसतो. बाकी सगळे तपकिरी अंधारात विरून जाते. चित्रांची आवड असलेला माणूस तिथे क्षणभर थबकतो. हे दृश्य त्याने कुठेतरी पाहिलेले असते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या डच चित्रांत असाच उजेड असतो.

हे साम्य योगायोगाचे खरे. पण हावडा आणि तो उजेड यांचे नाते मात्र निव्वळ योगायोगाचे नाही. याच स्थानकातून सुटणारी लोकल प्रवाशाला जुन्या डच वसाहतीत नेऊन सोडते. आणि याच स्थानकासमोरचा पूल ओलांडला की ज्या कलाशाळेत जुन्या युरोपीय चित्रांच्या नकलेवरून मोठे रणकंदन माजले, ती शाळा लागते.

नक्कल हा शब्दच आपल्याकडे जरा बदनाम आहे. घरातले मूल कॅलेंडरवरचा गणपती समोर ठेवून चित्र काढायला बसले, की कोणीतरी वडीलधारे हटकून म्हणते, ''अरे, बघून काय काढतोस? मनाने काढ!'' त्यात काळजी असते, प्रेमही असते. पण ते खरे आहे का? जुन्या थोर चित्राची बघून बघून नक्कल केल्याने हात गुलाम होतो, की मोकळा होतो? हावड्याच्या आसपासचे दोन दिवस या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मोठे कामाचे आहेत.

दोन दिवस, दोन आरंभ

१५ ऑगस्ट १८५४ या दिवशी हावड्याहून हुगळीपर्यंत पहिली प्रवासी आगगाडी धावली. अंतर होते चोवीस मैल. त्यानंतर एकाच दिवसाने, १६ ऑगस्टला, नदीपलीकडच्या गराणहाटा भागात एक औद्योगिक कलाशाळा सुरू झाली. पुढे सरकारने ती आपल्याकडे घेतली. चौरंगीवर इंडियन म्युझियमच्या शेजारी उभे असलेले आजचे शासकीय कला व शिल्प महाविद्यालय ते हेच.

आगगाडी आणि कलाशाळा, दोन्ही गोष्टी इंग्रजी अमलातून आल्या. दोन्ही आधी परक्या वाटल्या आणि मग लोकांनी आपल्याशा करून घेतल्या. तैलरंगांचेही तसेच झाले. आपल्याकडे भिंतीवर, कागदावर, कापडावर चित्रे होतीच. रंग पाण्यात, डिंकात कालवले जात. जवसाच्या तेलात रंग खलून ते ताणलेल्या कापडावर थरांमागून थर देत चढवायचे, ही युरोपची विद्या. ती बंगालला शिकवायला सुरुवातीला कोणतीही शाळा नव्हती. मग ती आली कशी? त्यासाठी हावड्याहून बँडेल लोकल धरावी.

नदीकाठच्या परक्या वस्त्या

लोकल हुगळी नदीच्या पश्चिम काठाने उत्तरेला जाते. पहिल्या तासाभरात जी स्थानके लागतात, ती पाहून युरोपचा नकाशाच उलगडल्यासारखे वाटते. श्रीरामपूर लागते. मराठी माणसाला नाव वाचून आपल्या नगर जिल्ह्याची आठवण होईल. पण हे श्रीरामपूर १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. मग चंदननगर, तिथली फ्रेंच सत्ता १९५० मध्ये संपली. पुढे चुंचुडा, जुन्या कागदपत्रांतले चिनसुरा. इथे १८२५ पर्यंत डचांची वखार होती. आणि बँडेलला पोर्तुगीजांनी स्थापन केलेले चर्च आहे.

चुंचुड्याला उतरून रिक्षाने नदीकडे गेले की गाव साधेसुधेच दिसते. बाजाराच्या मध्यावर घड्याळाचा मनोरा आहे, शाळकरी मुलांच्या सायकली आहेत, मिठाईची दुकाने आहेत. डचांची खूण पाहायची तर त्यांच्या दफनभूमीत जावे. चुन्याने पांढरी झालेली थडगी आणि टोकदार स्तंभ शांतपणे उभे आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या राईक्स संग्रहालयात हेंड्रिक व्हान स्कुलेनबर्ग या चित्रकाराने १६६५ मध्ये रंगवलेले हुगळीच्या डच वखारीचे मोठे तैलचित्र आहे. ते चित्र झाले तेव्हा रेम्ब्राँ हयात होता आणि त्याच अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहत होता.

एकोणिसाव्या शतकात या नदीकाठच्या गावांत आणि कोलकात्यात एक वेगळ्याच प्रकारची चित्रे तयार होऊ लागली. विषय आपले: दुर्गा, शिव-पार्वती, कृष्णलीला, अन्नपूर्णा. पण माध्यम तैलरंग. पार्श्वभूमी गडद, चेहऱ्यावर उजेड, वस्त्रांना घड्या, दागिन्यांना सोनेरी झळाळी आणि मागे दूर विरत जाणारी झाडी. ही चित्रे सधन बंगाली घरांत पूजेसाठी आणि शोभेसाठी लावली जात. त्यांना पुढे 'डच बंगाल' किंवा 'फ्रेंच बंगाल' अशी नावे पडली. चित्रकारांची नावे मात्र चित्रांवर नाहीत. युरोपीय चित्रे आणि छापील तसबिरी पाहून, गिरवून, चुकत-माकत त्यांनी ही विद्या उचलली.

या चित्रांत काही ठिकाणी हात अवघडलेला दिसतो. सावली एकीकडे पडते आणि उजेड भलतीकडून येतो. पण नीट पाहिले तर लक्षात येते की, युरोपीय चित्रकार अंधार-उजेडाचा उपयोग नाट्य उभे करण्यासाठी करत होता. या अनाम बंगाली चित्रकाराने तोच उजेड गाभाऱ्यातल्या समईचा करून टाकला. देवीचा चेहरा अंधारातून पुढे येतो, जसा तो खरोखर देवळात येतो. नकलेतून निघालेला हात आपल्या घरी परतला होता.

ही चित्रे आज चुंचुड्यात शोधायला जाऊ नये. ती संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत विखुरली आहेत. पण ती जिथल्या हवेत जन्मली ती गावे पाहण्यासारखी आहेत. परतीच्या वाटेवर चंदननगरला उतरून नदीकाठच्या स्ट्रँडवर संध्याकाळी बसावे. हे गाव आज ओळखले जाते ते रोषणाईच्या कलेसाठी. जगद्धात्री पूजेला इथले कारागीर दिव्यांची जी चित्रे रस्त्यांवर उभी करतात, ती पाहायला दूरदूरहून माणसे येतात. काळोखावर उजेडाने चित्र काढण्याची हौस या काठाला जुनीच असावी.

गुरूच जेव्हा नक्कल करतो

ज्याला आपण 'जुन्या उस्तादांचा उजेड' म्हणतो, तो मुळात कुठून आला? इटलीतल्या काराव्हाज्जोने १५९९-१६०० मध्ये रोमच्या एका चर्चसाठी संत मॅथ्यूचे बोलावणे आले तो प्रसंग रंगवला. काळोख्या खोलीत टेबलाभोवती पैसे मोजत बसलेली माणसे, आणि उजवीकडून येऊन भिंतीवर पडलेला प्रकाशाचा झोत. या चित्राने युरोपातल्या चित्रकारांना वेड लावले. रोमला आलेले डच तरुण ही रीत शिकून आपल्या देशात घेऊन गेले. रेम्ब्राँ स्वतः कधीच इटलीला गेला नाही. त्याच्यापर्यंत ती पोचली ती इतरांच्या चित्रांमधून आणि छापील प्रतींमधून. म्हणजे ही शैलीच मुळी बघून बघून पसरली.

याहून गंमतीची गोष्ट पुढे आहे. १६५६ ते १६६१ च्या सुमारास, पन्नाशीत पोचलेल्या आणि कीर्ती मिळवून बसलेल्या रेम्ब्राँच्या हाती काही मोगल लघुचित्रे आली. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून अशा वस्तू हॉलंडला जात. रेम्ब्राँने त्यांच्या नकला केल्या. एक-दोन नव्हे, दोन डझनांच्या आसपास. जहांगीर, शाहजहान, झाडाखाली बसलेले चार वृद्ध. एरवी झपाट्याने रेघा ओढणारा त्याचा हात या नकलांमध्ये नाजूक आणि सावध झालेला दिसतो. त्यासाठी त्याने आशियातून आलेला तलम कागद वापरला. झाडाखालच्या त्या वृद्धांची मांडणी त्याच्या मनात इतकी रुजली की, १६५६ मध्ये अब्राहमाने देवदूतांचे आदरातिथ्य केल्याचा प्रसंग त्याने कोरला, तेव्हा त्यात तीच बैठक उतरली.

ज्याची नक्कल करून आपल्या चित्रकारांनी तैलरंग शिकावेत असे पुढे सांगितले गेले, तो स्वतः उतारवयात आपल्या चित्रकारांची नक्कल करत बसला होता! त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. समोर जे आहे ते आपल्याला येत नाही, हे ओळखण्याइतका तो मोठा होता.

पुलापलीकडचा वाद

आता हावड्याला परतून नदी ओलांडायची. १९४३ मध्ये खुला झालेला हावडा पूल, म्हणजेच रवींद्र सेतू, पायी ओलांडण्यात वेगळीच मजा आहे. खाली मल्लिक घाटावर झेंडूच्या माळांचे ढीग आणि वर सव्वीस हजार टनांहून अधिक पोलादाचा सांगाडा. घाई असेल तर २०२४ पासून नदीच्या पोटातून धावणारी मेट्रो काही मिनिटांत पलीकडे नेते. आणि दोन्ही नको असतील, तर स्थानकासमोरच्या घाटावरून सुटणारी फेरीबोट आहेच.

चौरंगीवरच्या कलाशाळेची कथा इथे सांगायला हवी. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या पुढाकाराने शाळेला जोडून एक कलादालन उघडले गेले. त्यात युरोपीय चित्रे आणि नामांकित चित्रांच्या प्रतिकृती लावल्या होत्या. विद्यार्थ्यांनी त्यांच्यासमोर बसावे, त्यांची नक्कल करावी आणि 'खरी कला' शिकावी, अशी योजना. अन्नदाप्रसाद बागची, बामापद बॅनर्जी यांच्यासारखे कसलेले चित्रकार याच शाळेतून तयार झाले.

१८९६ मध्ये अर्नेस्ट बिनफील्ड हॅवेल हे शाळेचे प्रमुख म्हणून आले. इंग्रज असूनही त्यांचे मत वेगळे होते. अजिंठा, मोगल, राजपूत अशी थोर परंपरा असलेल्या देशातल्या मुलांनी दुय्यम दर्जाची युरोपीय चित्रे का गिरवत बसावे, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी अभ्यासक्रम बदलायला घेतला. आणि मग आश्चर्य घडले. ज्यांच्या भल्यासाठी हे चालले होते ते विद्यार्थीच खवळले. 'आम्हांला युरोपची पक्की विद्या मिळू नये म्हणून हा डाव आहे,' असा संशय शहरात पसरला, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. रणदाप्रसाद गुप्त यांच्या पुढाकाराने काही विद्यार्थी शाळा सोडून बाहेर पडले आणि १८९७ मध्ये त्यांनी ज्युबिली आर्ट अकादमी ही स्वतःची संस्था काढली. पुढे १९०५ मध्ये हॅवेल यांनी कलादालनातली युरोपीय चित्रे विकून टाकली आणि त्या जागी भारतीय चित्रे, शिल्पे आणली. अवनींद्रनाथ ठाकूर शाळेचे उपप्राचार्य झाले. गिलार्डी या इटालियन शिक्षकाकडे आणि पामर या इंग्रजाकडे खडूचे आणि तैलरंगांचे धडे घेतलेल्या अवनींद्रनाथांनी ती वाट सोडून दिली होती.

वरवर पाहता वाद असा दिसतो की, एक बाजू नकलेची आणि दुसरी स्वतंत्र कलेची. पण पुढे काय झाले ते पाहावे. अवनींद्रनाथांचे पट्टशिष्य नंदलाल बोस यांनी तरुणपणी युरोपीय चित्रांच्या नकला केल्या होत्या. ते या नव्या भारतीय पंथात आले आणि थोड्याच वर्षांत, १९०९-१० च्या हिवाळ्यात, कुठे गेले? आपल्या अजिंठ्याला! लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंच्या पथकात असितकुमार हालदार आदी सहकाऱ्यांसह लेण्यांच्या अंधारात उभे राहून त्यांनी भित्तिचित्रांच्या नकला केल्या. म्हणजे नक्कल थांबली नाही. फक्त समोरचे चित्र बदलले. भांडण नक्कल करावी की नाही याचे नव्हतेच. नक्कल कोणाची करावी, आणि ती ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचे ते भांडण होते.

आणि ज्युबिलीकडे गेलेल्यांचे काय झाले? तिथे शिकलेले हेमेंद्रनाथ मजुमदार तैलरंगातल्या उजेडाचे असे जाणकार निघाले की, त्यांच्या चित्रांना मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीची पारितोषिके मिळाली. तिथलेच अतुल बोस आणि मुंबईचे जे. ए. लालकाका यांची १९३० च्या सुमारास निवड झाली ती एका अवघड कामासाठी: इंग्लंडच्या राजवाड्यांतल्या राजघराण्याच्या तसबिरींच्या प्रतिकृती नव्या दिल्लीसाठी करून आणायच्या. उलट जामिनी राय यांनी सरकारी शाळेत युरोपीय रीत पक्की केली, तिच्यावर पोट भरले, आणि मग एके दिवशी ती बाजूला ठेवून कालीघाटच्या पटांकडे आणि खेड्यातल्या बाहुल्यांकडे वळले. जे हाती आहे तेच माणूस टाकून देऊ शकतो. जामिनीबाबूंची साधी, ठाम रेघ आली ती शिकून सोडल्यावर.

हात काय शिकतो

मग थोर चित्राची नक्कल करताना प्रत्यक्षात घडते काय? तैलरंगांची हौस असलेल्या कोणालाही घरच्या घरी हा अनुभव घेता येतो. त्यासाठी अख्खे चित्र घेऊ नये. एकच दिवा किंवा एकच खिडकी असलेले, एका चेहऱ्याचे चित्र निवडावे आणि त्याची चांगली, मोठी छापील प्रत समोर ठेवावी. चौकटी आखून रेखाटन उतरवायला हरकत नाही; जुने लोकही तसेच करत.

पहिला धडा असा की, उजेड रंगवता येत नाही; रंगवायचा असतो अंधार. बर्न्ट अंबरचा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर फिरवावा. तो ओला असतानाच जिथे उजेड आहे तिथला रंग कापडाने पुसून काढावा. तपकिरी धुक्यातून कपाळ, नाक, गालाचे हाड वर येऊ लागते. पांढऱ्या रंगाचा ठिपकाही न लावता चेहरा उजळतो, तेव्हा नवशिक्याला खरोखर हरखल्यासारखे होते.

दुसरा धडा डोळ्यांचा. डोळे अर्धवट मिटून मूळ चित्राकडे पाहावे. बारकावे नाहीसे होतात आणि फक्त गडद-फिकटाचे चार-पाच मोठे डाग उरतात. ते डाग बरोबर जागी बसले तर चित्र अर्धे झाले. नवशिका नेमका उलटे करतो. तो आधी पापण्या रंगवतो.

तिसरा धडा थरांचा. सावल्या पातळ ठेवायच्या, उजेड जाड लावायचा. पातळ सावलीत नजर आत बुडते आणि जाड रंगाच्या उंचवट्यावर खोलीतला खरा उजेड पडून तो झळकतो. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त, हा नियम मोडू नये. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन तेल घट्ट होते. वरचा थर आधी घट्ट झाला आणि खालचा नंतर हलला, तर चित्राला तडे जातात. आपल्या पावसाळ्यात तर धीर धरावाच लागतो. खालचे नीट वाळल्यावर तेलात कालवलेला पारदर्शक रंगाचा हलका हात वरून द्यायचा. रंगीत काचेतून पाहावे तशी खोली येते.

चौथा धडा कडांचा. जुन्या चित्रांत प्रत्येक वस्तूला बाह्यरेषा नसते. खांद्याची एक कड उजेडात धारदार असते, दुसरी अंधारात हरवते. काय दाखवायचे नाही हे ठरवणे किती अवघड आहे, ते नक्कल करतानाच कळते.

काही काळजी घरातल्या माणसांसाठी. खिडक्या उघड्या ठेवून काम करावे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवावीत किंवा मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत. जुने चित्रकार शिशाचा पांढरा वापरत, तो विषारी असतो. आज टायटॅनियमचा पांढरा वापरावा. लहान मुलांना हाच अभ्यास कोळशाने आणि खोडरबराने करू द्यावा. धडा तोच मिळतो. आणि चित्र पुरे झाल्यावर खाली 'अमक्याच्या चित्रावरून' असे प्रामाणिकपणे लिहावे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रांसमोर बसून नक्कल करायला आजही परवानगी मिळते. मात्र प्रतिकृती मूळ चित्राच्याच आकाराची करू देत नाहीत. शिकणे आणि फसवणे यांतली ती सीमारेषा आहे.

नक्कल मूळ चित्राला वाचवते

नकलेचा एक उपकार सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रेम्ब्राँचे १६४२ चे 'नाइट वॉच' जगप्रसिद्ध आहे. नाव रात्रीचे, पण प्रसंग दिवसाचा; वार्निश काळवंडल्याने रात्र झाली होती आणि विसाव्या शतकात ते साफ केल्यावर दिवस परत आला. हे चित्र १७१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवताना भिंतीवर मावेना, म्हणून चारही बाजूंनी चक्क कापले गेले. कापलेले तुकडे पुन्हा मिळाले नाहीत. पण त्यापूर्वी गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने त्याची लहानशी नक्कल केली होती, असे मानले जाते. त्या नकलेच्या आधारे २०२१ मध्ये राईक्स संग्रहालयाने संगणकाच्या मदतीने हरवलेले भाग पुन्हा उभे केले आणि काही काळ मूळ चित्राशेजारी लावले.

आपल्या अजिंठ्याचेही तसेच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांत बसून नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याच लंडनमध्ये आगीत जळाल्या. पण ज्या उरल्या, त्यांत आज भिंतीवर पुसट झालेले तपशील पाहायला मिळतात. गिरवणाऱ्या त्या विद्यार्थ्यांच्या हातांनी ते जपले.

पाहायचे कुठे

कोलकात्यात जुना उजेड शोधणाऱ्याने तीन ठिकाणे चुकवू नयेत. एक, सेंट जॉन चर्च. जोहान झोफानी याने १७८७ मध्ये रंगवलेले 'शेवटचे भोजन' तिथे आहे. विषय लिओनार्दोचा, पण चेहरे त्या काळच्या कोलकात्यातल्या माणसांचे. आणि २०१० मध्ये त्याची दुरुस्तीही झाली. दुसरे, मुक्ताराम बाबू रस्त्यावरचा मार्बल पॅलेस. राजेंद्र मल्लिक यांनी १८३५ मध्ये बांधलेल्या या वाड्यात रुबेन्सची म्हणून ओळखली जाणारी चित्रे आणि अनेक युरोपीय शिल्पांच्या प्रतिकृती आहेत. प्रवेशासाठी आधी पर्यटन खात्याचा परवाना घेण्याची पद्धत असल्याने चौकशी करूनच जावे. तिसरे, १९२१ मध्ये उघडलेले व्हिक्टोरिया मेमोरियल; तैलरंगाचा आवाका किती मोठा असू शकतो, हे तिथली व्हेरेश्चागिनची जयपूरच्या मिरवणुकीची भव्य भिंतभर चौकट पाहून कळते.

एवढ्या लांब जाणे जमले नाही तरी हळहळायला नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात भारतीय चित्रांबरोबर थोर पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. स्वतः चित्रकार असलेल्या त्या राजाला ठाऊक होते की, खेड्यातल्या मुलाला रोमला जाता येणार नाही. म्हणून रोमच्या नकला खेड्यात आणल्या पाहिजेत.

आणि सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांना कसे विसरावे? त्यांची हातात दिवा घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांमधून झिरपणारा तो दिव्याचा उजेड पाहून भलेभले ते तैलचित्रच समजतात; प्रत्यक्षात ते जलरंगात आहे, आणि दिवा धरून उभी आहे त्यांची स्वतःची मुलगी. पाश्चात्त्य रीतीने घडलेल्या हाताने आपल्या घरातलीच ज्योत निवडली.

संध्याकाळी हावड्याला परतताना फेरीबोट घ्यावी. पूल काळा होत जातो, पाण्यात दिव्यांच्या रेघा थरथरतात आणि स्थानकाची लाल इमारत हळूहळू सावलीत विरघळते. बोटीतल्या एखाद्या खिडकीशी एखाद्याच चेहऱ्यावर उजेड पडतो. दोन दिवस जुनी चित्रे पाहिलेल्या माणसाला आता तो चेहरा वेगळा दिसतो. त्याची कुठली कड हरवली, कुठली उजळली, ते डोळा आपोआप टिपतो. नकलेतून मिळते ती हीच नजर. चित्र त्या उस्तादाचेच राहते, पाहणे मात्र आपले होते.

तेव्हा घरातले मूल कॅलेंडरवरचा गणपती समोर घेऊन बसले, तर त्याला हटकू नये. चांगले चित्र निवडून द्यावे, चांगला कागद द्यावा आणि बसू द्यावे. पुरते बघून झाले की ते स्वतःच मान वर करील आणि खिडकीबाहेर पाहू लागेल.